माझ्या पोटातली पेंटरांची फिल्म

मी एक जुना संगणक आहे. राखाडी रंगाचा, जाडजूड, बटण दाबल्यावर आधी घसा खाकरणारा आणि मग सावकाश कामाला लागणारा. माझ्या डाव्या कुशीला एक पोचा आहे आणि कीबोर्डवरची निम्मी अक्षरे बोटांनी घासून पार नाहीशी झाली आहेत. मित्रांनो, मला पाहून तुम्ही तोंड फिरवाल हे मला माहीत आहे. नव्या संगणकांपुढे मी कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको. तरीही मी मान वर करून बोलणार आहे, कारण माझ्या हातून एक काम झाले आहे, आणि ते काम साधे नव्हते.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक बाई भिंगाचा चष्मा लावून दिवसभर संगणकांची जुळणी करत. त्यांनी माझे सगळे भाग एकेक करून बसवले, स्क्रू पिळले, वायरी नीट वळवून बांधल्या आणि मला चालू केले. माझा पंखा फिरू लागला तसा त्यांनी कान लावून तो ऐकला आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "दमाचा आहे हा. भारी कामाला द्या याला."

त्यांनी सांगितले तसेच झाले. मी गेलो तो चलच्चित्रांच्या स्टुडिओत. शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आठ टेबले होती आणि पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावलेले होते. प्रत्येक टेबलावर संगणकासोबत एक काळी पाटी आणि बिनशाईचे पेन असे. पाटीवर पेन फिरवले की रेघ माझ्या पडद्यावर उमटायची. माझ्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचे नुकतेच लग्न झाले होते. त्यांच्या घरी त्यांना सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्या डबा खाताना कोपर माझ्या कीबोर्डवर टेकवत आणि पोळीचा चुरा माझ्या फटीत पडे. मी कधी तक्रार केली नाही.

त्यांचे काम काय ते सांगतो. त्या पडद्यावर एक चित्र काढत. त्या एका स्थिर चित्राला म्हणायचे फ्रेम. मग त्याच्यात अगदी किंचित फरक करून दुसरे, मग तिसरे. अशी चोवीस चित्रे एका सेकंदात भराभर दाखवली की चित्र हलल्यासारखे वाटते. ते खरे हलत नसते बरे का. आपला डोळाच मधल्या जागा भरून घेतो. कित्येकदा एकच चित्र दोन फ्रेम दाखवले तरी भागते, मग सेकंदाला बाराच काढावी लागतात. माझ्या पडद्याच्या तळाशी बारीक चौकटींची एक लांब पट्टी असे. ती टाइमलाइन. एक चौकट म्हणजे एक फ्रेम. त्या पट्टीवरून एक लाल रेघ डावीकडून उजवीकडे पळे, आणि ती जिथे असेल तिथले चित्र वर दिसे.

सूनबाईंनी माझ्यावर काढलेले पहिले चलच्चित्र होते नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबाचे. थेंब फुगायला आणि लोंबकळायला त्यांनी बावीस फ्रेम दिल्या, आणि पडायला फक्त तीन. सगळे त्यांना "थेंबाला एवढा वेळ कशाला?" म्हणून हसत होते. स्टुडिओतल्या मुख्य चित्रकारांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी ते तीनदा पाहिले, आणि चौथ्यांदा पाहण्याआधी नकळत हात पँटला पुसला. "पाणी ओलं वाटतंय," एवढेच ते म्हणाले. मास्तरांच्या तोंडून याहून मोठे कौतुक कुणी ऐकले नव्हते. त्या दिवशी माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरला असेल, पण त्यात माझी चूक नव्हती.

सहा वर्षे मी तिथे राबलो. मग नवे, चपळ संगणक आले आणि आम्हा जुन्यांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. बाकीचे भंगारात गेले. मला मात्र सूनबाईंनी मागून घेतले. जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या मला गाडीतून घरी घेऊन आल्या.

घर दोन खोल्यांचे. एका खोलीत सूनबाई आणि त्यांचा नवरा. दुसरीत सासरे. त्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणून ओळखत असे. चाळीस वर्षे त्यांनी पाट्या रंगवल्या होत्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. मग छापील बोर्ड आले आणि काम आटले. जे थोडे उरले होते तेही एका वर्षी थांबले, कारण त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणार नाही. पेंटरांनी सगळे ब्रश धुऊन, पुसून एका बरणीत उभे करून ठेवले आणि बोलणे कमी केले. दिवसातला पुष्कळ वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मला जागा मिळाली ती त्यांच्याच खोलीत. पहिले काही महिने त्यांना माझा एकच उपयोग होता. आंघोळ झाली की ओला टॉवेल ते माझ्यावर वाळत घालत.

एका सुट्टीच्या दिवशी सूनबाईंनी टॉवेल उचलून मला चालू केले आणि सहज एक झाड काढायला घेतले. पेंटर पलंगावरून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ही खालची पट्टी कसली. सूनबाईंनी टाइमलाइन समजावली. त्यांनी आणखी विचारले, मग या पट्टीत एकाखाली एक ओळी कशाला. तेव्हा सूनबाईंनी पेन त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाल्या की झाडाला एक पान हवे आहे, ते तुम्हीच काढा.

"हात हलतो माझा."

"हलू दे, बाबा."

"हललेली रेघ पाटीवर चालत नाही, सूनबाई. लोक दुकान बदलतात."

पण त्यांनी पेन घेतले. रेघ वेडीवाकडी आली. सॉफ्टवेअरमध्ये रेघ सरळ करून घेण्याची एक सोय असते. सूनबाईंनी ती पूर्ण चढवली. आता पेंटरांचा हात थरथरला तरी पडद्यावर तारेसारखी गुळगुळीत रेघ उमटू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून सरळ रेघ निघत होती. सूनबाईंना वाटले, आता बाबा खूश होतील. पेंटर मात्र मान वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, "हे छापील बोर्डासारखं दिसतंय. जरा उतरव."

सूनबाईंनी ती सोय अर्ध्यावर आणली. पेंटरांनी तेच पान बारा वेळा काढले. मागच्या चित्राची फिकट छाया पडद्यावर दिसते, तिच्यावरून ते गिरवत गेले. तरी प्रत्येक पान आधीच्याहून केसभर वेगळे आले. मग सूनबाईंनी लाल रेघ सोडली. पान जागच्या जागी सळसळू लागले, जणू त्याला वारा लागत होता. हात स्थिर असलेल्या माणसाला हे मुद्दाम करावे लागते. पेंटरांनी ते कितीदा पाहिले ते मी मोजले नाही. दुसऱ्या दिवशीपासून टॉवेल बाहेर दोरीवर जाऊ लागला.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर कर्णबधिर मुलांची शाळा होती. तिची पाटी पेंटरांनीच पूर्वी रंगवलेली. एके दिवशी त्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. पाटीचा रंग उडाला आहे, परत रंगवून द्या, असे सांगायला आल्या होत्या. पेंटरांनी हात पुढे करून दाखवला आणि नाही म्हणाले. बाई उठायला लागल्या, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पडद्यावरच्या पानाकडे गेली. त्या पुन्हा बसल्या.

मग त्यांनी आपल्या मनातली चिंता सांगितली. आग लागली तर काय करायचे याचा सराव त्या शाळेत दरवर्षी घेत. मुलांना घंटा ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक वर्गात लाल दिवा बसवलेला. तो लुकलुकू लागला की बाहेर पडायचे. मोठ्या मुलांना खुणांच्या भाषेत समजावता येई. पण बालवर्गातली मुले ती भाषा नुकती शिकत असतात. गेल्या सरावात सगळे पळताना बघून बालवर्गातली एक लहानगी घाबरली आणि कपाटामागे जाऊन बसली. ती सापडायला वीस मिनिटे लागली.

"खरी आग असती तर?" बाई म्हणाल्या. "भिंतीवर चित्रं लावून बघितली. पण आधी काय, मग काय, हे चित्रातून कळत नाही त्यांना. तुमचं चित्र हलतं. आमचाच जिना, आमचंच दार आणि आमच्याच खुणा असलेलं काहीतरी करून द्याल?"

शाळेचे नवे वर्ष सुरू व्हायला चार महिने होते. पेंटर हो म्हणाले. सूनबाई घरी आल्यावर त्यांनी आधी हे सांगितले आणि मग पाणी दिले.

ते शाळेत जाऊन जिना पाहून आले. पायऱ्या मोजल्या, कठड्याची उंची हाताने मापली. मग माझ्यासमोर बसून त्यांनी अकरा दिवस फक्त जिना रंगवला. काय सांगू मित्रांनो, तो जिना इतका हुबेहूब झाला होता की झिजलेल्या पायऱ्याही ओळखू याव्यात. त्याच्यावर त्यांनी एक वेणीवाली मुलगी काढली. तिचा पाय चुकला. रात्री झोपाळल्या डोळ्यांनी त्यांनी तो खोडला. काम जतन केले, मला बंद केले आणि झोपायला गेले.

सकाळी पाहतात तर पायाबरोबर जिन्याच्या तीन पायऱ्याही खोडल्या गेलेल्या. पाटी रंगवणाऱ्या माणसाच्या सवयीने त्यांनी सगळे एकाच थरावर काढले होते. मागे जाण्याचे बटण त्यांनी दाबून पाहिले, पण मी रात्री बंद झालो होतो. आदल्या दिवशीचे मागे नेणे माझ्या हातात नव्हते. मला फार वाईट वाटले. पेंटरांनी ब्रशच्या बरणीकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले.

सूनबाई त्यांच्या शेजारी आल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि थर म्हणजे काय ते पुन्हा, नीट सांगितले. एकावर एक ठेवलेल्या स्वच्छ काचा समजा. सर्वांत खालच्या काचेवर भिंत. तिच्यावरच्या काचेवर जिना. त्याच्यावर मुलगी, पण तिचेही धड एका काचेवर, हात दुसऱ्या, चेहरा तिसऱ्या. वरून बघताना सगळे एकच चित्र दिसते, पण एक काच पुसली तर दुसरीला धक्का लागत नाही. टाइमलाइनमधली एकेक ओळ म्हणजे अशी एकेक काच. ओळीच्या टोकाला डोळ्याचे चिन्ह असते, ते मिटले की तो थर दिसत नाही. कुलपाचे चिन्ह लावले की त्याला कुणी हात लावू शकत नाही.

तीन पायऱ्या परत रंगवायला दोन दिवस गेले. त्यानंतर पेंटर इतके कडक झाले की सूनबाईंनाच हसू येई. प्रत्येक थराला ते नाव देत, आणि तेही साधे नाही. "जिना. हात लावू नये." "डावा हात. काम चालू आहे." "भिंत. रंग ओला नाही, तरी दूर राहावे." चाळीस वर्षे पाट्या लिहिलेल्या माणसाला याहून वेगळे लिहिता येत नव्हते.

तीन महिने आणि तीन आठवड्यांत दीड मिनिटाची फिल्म तयार झाली. दिवा लुकलुकतो, मुलगी उठते, खुणेने सांगते: थांबा, खाली वाका, भिंतीला हात लावा, बाहेर चला. मग ती तसेच करते आणि जिन्यावरून मैदानात येते.

मोठ्या बाई सहा मुलांना घेऊन आमच्या घरी आल्या. मुले पलंगावर दाटीवाटीने बसली. त्यांत एक दहा वर्षांची मुलगी होती. त्या मुलांमध्ये प्रत्येकाला खुणेचे एक नाव असते. हिचे नाव होते गालावर बोट टेकवून फिरवणे, कारण तिच्या गालाला खळी पडे. म्हणून तिला आपण खळी म्हणू.

फिल्म संपली तशी मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी. पेंटरांचा चेहरा उजळला. मग बाईंनी एकेकाला विचारले, काय कळले. एक मुलगा म्हणाला, मुलगी कुणाला तरी बोलावते आहे. दुसऱ्याला वाटले ती माश्या हाकलते आहे. तिसऱ्याने खांदे उडवले.

मग खळी उठून माझ्यापाशी आली आणि तिने फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मुलीचे हात हलू लागले तसे तिने पडद्यावर बोट ठेवले. तीच खूण स्वतः केली, हात जागच्या जागी थोपवून धरला आणि आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवले. मग चित्रातल्या मुलीच्या चेहऱ्याकडे बोट करून स्वतःचे तोंड लाकडासारखे केले. बाकीची मुले हसून लोळली.

मोठ्या बाईंनी उलगडा केला. "ती म्हणतेय, हिचे हात धावतायत, मला वाचू देत नाहीत. आणि हिचं तोंड गप्प आहे. आम्ही नुसत्या हातांनी बोलत नाही. भुवया नसल्या तर 'चला' आहे की 'चलायचं का' आहे, ते कळत नाही."

मुले गेल्यावर पेंटर म्हणाले, आठ दिवसांत सगळे नव्याने काढणे आपल्याच्याने होणार नाही. सूनबाई म्हणाल्या, हातांचे एकही चित्र नव्याने काढायचे नाही. खूण जिथे पूर्ण होते, ते चित्र टाइमलाइनवर फक्त लांबवायचे. आता ते दोन फ्रेम दिसते, ते वीस फ्रेम दिसू दे.

किती लांबवायचे, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हते. ते खळीने ठरवले. ती रोज दुपारी येऊन स्टुलावर बसे. चित्र आले की हात वर, वाचून झाले की हात खाली. पेंटर चौकटी मोजत. 'थांबा'ला सोळा लागल्या. 'खाली वाका'ला वीस. मग त्यांनी बालवर्गाचा विचार करून प्रत्येकीत आठ-आठ वाढवल्या. चेहऱ्याचा थर वेगळा होता, म्हणून हातांना धक्का न लावता नवे चेहरे काढता आले. खळी समोर बसून भुवया उचले, कपाळाला आठ्या घाली, डोळे मोठे करी, आणि पेंटर काढत जात. सात दिवसांत त्यांनी त्रेसष्ट चेहरे काढले. दीड मिनिटाची फिल्म काही सेकंदांनी लांबली.

आठव्या दिवशी मोठ्या बाई पुन्हा आल्या, आणि या वेळी सोबत बालवर्गातली तीच लहानगी होती, कपाटामागे लपलेली. ती बाईंचा पदर घट्ट धरून बसली. फिल्म सुरू झाली. पडद्यावर दिवा लुकलुकला. मुलीने 'खाली वाका' म्हटले तसा लहानगीने पदर सोडला. मुलीने भिंतीला हात लावला, आणि ही खुर्चीवरून उतरली, वाकली, आमच्या खोलीच्या भिंतीला हात लावून चालू लागली, आणि फिल्म संपायच्या आत दाराबाहेर गेली. सूनबाई तिच्या मागे धावल्या. ती खाली फाटकापाशी जाऊन उभी होती.

त्या दिवशी मुलांनी पेंटरांनाही खुणेचे नाव दिले. एक बोट हवेत धरायचे आणि थरथरती रेघ ओढायची. सूनबाईंचा चेहरा पडला. पेंटरांनी मात्र ती खूण परत करून दाखवायला सांगितली. नीट पाहिली, स्वतः करून पाहिली. "जन्मभर लोकांची नावं लिहिली," ते म्हणाले. "माझं कुणी पहिल्यांदाच काढलं."

त्याच वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या खालच्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत वायर जळाली. कागदांचे गठ्ठे पेटले आणि जिन्याच्या बाजूला धूर येऊ लागला. वर्गावर्गात दिवे लुकलुकले. हे मला संध्याकाळी कळले, मोठ्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा. त्यांच्या साडीला धुराचा वास होता. त्या लागोपाठ दोन पेले पाणी प्यायल्या आणि मग त्यांनी सांगितले. बालवर्ग सर्वांत पुढे होता. वाकून, भिंतीला हात लावून, कुणी न ढकलता.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "मोजले. परत मोजले. एकशे अठराच."

पेंटरांनी उठून माझ्या पाठीवरची धूळ हाताने पुसली. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला ऊर नाही. पण तो दिवस मला अजून तसाच्या तसा आठवतो.

पुढची वर्षे भराभर गेली. पेंटरांनी आणखी काही छोट्या फिल्म केल्या. मग त्यांचे डोळे थकले. सूनबाईंनी मांडीवर मावणारा नवा संगणक घेतला. माझ्यावर कापड आले, कापडावर औषधांच्या बाटल्या, आणि बाटल्यांवर धूळ. माझ्या आतली तबकडी, जिच्यावर सगळे साठवलेले असते, अधूनमधून टकटक आवाज करू लागली होती. ऐकायला कुणी नव्हते.

आणि एक दिवस निरोप आला की शाळा नव्या इमारतीत जाते आहे. तिथला जिना डावीकडे होता, आणि दारे दोन होती. म्हणजे जुनी फिल्म आता मुलांना नसलेल्या जिन्याकडे पाठवणार होती. फिल्म बदलायला हवी होती. पण शाळेत होती ती तयार फिल्म, सगळ्या काचा एकत्र चिकटून घट्ट झालेली. तिच्यातून जिना वेगळा काढता येत नव्हता. थर सुटे असलेली मूळ फाइल फक्त माझ्या पोटात होती. तिची दुसरी प्रत कुणीही, कुठेही ठेवली नव्हती.

बाटल्या उतरल्या. कापड निघाले. सूनबाईंनी बटण दाबले. मी घसा खाकरला, तबकडीने दोनदा टकटक केले, आणि पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. माझी जी अवस्था झाली ती मी सांगू शकत नाही. आयुष्यातले सर्वांत मोठे काम पोटात होते आणि मला ते देता येत नव्हते. "राहू दे," पेंटर पलंगावरून म्हणाले. "दमला असेल तो."

संगणक दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला वाचवले. त्यांनी आल्या आल्या सूनबाईंचा हात बटणावरून बाजूला केला. तबकडी आजारी असताना परत परत चालू केले की तिच्यावर आणखी ओरखडे पडतात, असे त्यांनी समजावले. त्यांनी तबकडी काढून नेली आणि दोन दिवस तिच्यातले कणाकणाने दुसरीकडे उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी माझ्यात नवी तबकडी बसली. फाइल उघडली. सातशे चाळीस चित्रांपैकी अकरा वाचता आली नाहीत. बाकी सगळी जागच्या जागी होती.

काम करायला आली खळी. आता ती बावीस वर्षांची होती आणि त्याच शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होती. ती माझ्यासमोर बसली. थरांची यादी वाचता वाचता तिच्या गालाला खळी पडत गेली. "जिना. हात लावू नये." "चेहरा. खळीला विचारून." कुठे काय आहे हे तिला कुणालाही विचारावे लागले नाही. तिने जुन्या जिन्याचा डोळा मिटला. त्याच्या जागी नव्या थरावर नवा जिना रंगवला, दुसरे दार रंगवले. मुलीच्या हातांना आणि चेहऱ्यांना स्पर्शही करावा लागला नाही.

राहिली ती अकरा चित्रे. पेंटर ऐंशीचे झाले होते, शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खळीने त्यांची थरथरती रेघ तशीच उतरवून पाहिली, एकदा, दोनदा. पेंटरांनी तिचा हात थांबवला. आता त्यांनाही खुणा चांगल्या येत होत्या. तुझ्या रेघेने काढ, त्यांनी सांगितले, लोकांना कळले तर कळू दे. म्हणून आता त्या फिल्ममध्ये जेमतेम सेकंदभर ती मुलगी जरा शांत, जरा ठाम दिसते, आणि मग पुन्हा सळसळू लागते.

नव्या इमारतीतला पहिला सराव पाहायला पेंटर स्वतः गेले. खळीने त्यांना दुसऱ्या दाराबाहेर खुर्ची दिली होती. आता मुले दोनशेच्या वर होती. ती वाकून, भिंतीला हात लावून त्यांच्यासमोरून बाहेर पडली, आणि पेंटर प्रत्येकाला मोजत राहिले. घरी आल्यावर ते म्हणाले की मोजताना आपली एकदाच चूक झाली, ती सूनबाईंनी दुरुस्त केली.

मी आता खळीच्या वर्गात असतो. मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसतात. माझ्या पोटातले सगळे आता आणखी दोन ठिकाणी ठेवलेले आहे, म्हणून मला धास्ती नाही. मुले माझ्यावर पहिली फ्रेम काढायला शिकतात, आणि मी अजूनही घसा खाकरून कामाला लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कुठेतरी माझ्यासारखा एखादा कापडाखाली असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. त्याचा आवाज बदलला असेल तर लगेच कुणा जाणत्याला दाखवा. आपल्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि आपल्या कामातल्या प्रत्येक थराला नाव द्या, नीट, वाचता येईल असे. कारण ते पुढे कुणीतरी उघडणार आहे, आणि तेव्हा सांगायला तुम्ही शेजारी असालच असे नाही.